फझ फेस अपडेट: सकाळी गातो, दुपारी घसा बसतो

गिटारवादक म्हणून जिमी हेंड्रिक्स मोठा की पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर, या आमच्या वादाचा (मी हेंड्रिक्सकडून) निकाल लागला नाही. रविवारी दुपारी चार वाजता सगळी मंडळी जमलेली असताना माझ्या फझ फेसने, म्हणजे गिटारचा आवाज फाडून जाड करणाऱ्या, हेंड्रिक्सच्या धर्तीवर घरी जोडलेल्या पेडलने, मान टाकली.

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की सर्किट वाजलं, आता फक्त डबा रंगवायचा. ते खरंच होतं. रविवारी सकाळी सातला, खिडकीतून अजून गार वारा येत होता तेव्हा हेच पेडल असं काही गायलं की समोरचा चहा थंड झाला तरी मला पत्ता नाही. गिटारचा व्हॉल्यूम दहावर ठेवला की आवाजाची भिंत, सहावर आणला की काचेसारखा स्वच्छ आवाज, पिक तारेला टेकल्याचंही ऐकू येतंय. दुपारी तेच पेडल, तीच गिटार, तोच अँप, आणि नोट सुरू होते, फर्रर्र करते आणि मध्येच तुटते, गारठलेल्या स्कूटरला किक मारल्यासारखी. आमचा गिलमोरभक्त मित्र काही बोलला नाही, त्याने बिग मफ (गिलमोरचं फझ पेडल) लावला आणि १९७९ च्या 'कम्फर्टेबली नम्ब'मधल्या दुसऱ्या सोलोच्या ढंगात आमचे ठरलेले ई मायनरमधले आठ बार वाजवले. ताणलेली प्रत्येक नोट नेमकी सुरात जाऊन थांबली. सुंदर वाजवलं, मान्य.

मी पेडल उचलून सरळ फ्रिजमध्ये ठेवलं. आई म्हणाली, "अरे, तिथे पन्हं आहे, सांडशील." दहा मिनिटांनी काढलं, लावलं, आणि परत सकाळचा आवाज! जेमतेम चार मिनिटं टिकला. पण तेवढ्यात घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. उन्हाळा. सकाळी खोलीत २६ डिग्री होतं, चारला ३७.

या पेडलमधले दोन्ही ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे, आणि जर्मेनियम उष्णतेला हळवं असतं हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण पाठ असणं वेगळं आणि मल्टिमीटरवर डोळ्यांनी बघणं वेगळं. सोमवारी पहाटे उठून क्यू टूच्या, म्हणजे दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या, कलेक्टर नावाच्या पायावर प्रोब लावली. मायनस ४.६ व्होल्ट, म्हणजे हवं तिथेच. मग क्यू वनचा, म्हणजे पहिल्याचा, पत्र्याचा डबा नुसता दोन बोटांच्या चिमटीत धरला. ४.६, ४.८, ५.१, ५.५... काही न करता आकडा चढत गेला, बोटं सोडली की हळूहळू परत खाली. क्यू टूला तसंच धरलं तर आकडा जवळपास जागचा हलेना. म्हणजे चोर क्यू वनच! मी आठवडाभर क्यू टूच्या मागे लागलो होतो, ८.२ के चा रेझिस्टर बदलून बघ, ४७० चा बदलून बघ, सगळं फुकट.

हिशोब केल्यावर तर वाटलं हे आधी का नाही केलं. क्यू वनला करंट येतो ३३ के च्या रेझिस्टरमधून, ९ व्होल्टला तो जेमतेम २५० मायक्रोअँपियर. माझ्या क्यू वनचं लीकेज, म्हणजे सिग्नल नसतानाही गळणारा करंट, सकाळी १५०. जर्मेनियमचं लीकेज साधारण दर १० डिग्रीला दुप्पट होतं, त्यामुळे दुपारी ते ३२० च्या घरात. म्हणजे ३३ के जेवढं देऊ शकतो त्यापेक्षा जास्त तर ट्रान्झिस्टर नुसता गळतोय, क्यू टूच्या बेसला (त्याला चालू करणाऱ्या पायाला) उपाशी ठेवतोय, कलेक्टर ७ व्होल्टच्या वर जाऊन बसतो आणि नोट तुटते. सिग्नलचा यात काही संबंधच नाही.

इथे एक तक्रार. ही जोडी मी ऑनलाइन 'मॅच्ड पेअर' म्हणून घेतली होती, चांगले पैसे मोजून. मल्टिमीटरच्या एचएफई सॉकेटवर गेनही, म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा, मस्त दिसला होता. पण तो सॉकेट जर्मेनियमच्या बाबतीत खोटं बोलतो, कारण लीकेजही गेन म्हणूनच मोजतो. नीट मोजायचं तर बेसला २.२ मेग, कलेक्टरला २.४ के चा रेझिस्टर, आधी बेस उघडा ठेवून लीकेजचा व्होल्टेज बघा, मग बेस जोडा, आणि फरकाला साधारण शंभरने गुणा, तो खरा गेन. आणि ट्रान्झिस्टर लावल्यावर दोन मिनिटं हात लावू नका, थंड होऊ द्या. हे केल्याशिवाय कोणीही जर्मेनियम विकत घेऊ नये आणि विकूही नये.

मग पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सवाली तापकीर गल्ली. एका दुकानातल्या काकांनी माळ्यावरून बिस्किटाचा डबा काढून दिला, त्यात पाच एसी १२८ (जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर) निघाले, म्हणाले, "हे आता कोण नेतो, तूच ने." उरलेले सहा जुन्या बाजारातून आणलेल्या तीन मेलेल्या रेडिओंमधून उपटले, आउटपुट स्टेजला हे जोडीनेच असतात. असे अकरा. सगळे मोजले, मास्किंग टेपवर आकडे लिहून पायांना चिकटवले. चार तर सरळ बाद, लीकेज ४०० च्या वर. पण एक सापडला, बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्स), छाप अर्धा पुसलेला, खरा गेन ७५ आणि लीकेज फक्त ६०. साठ! मी तो तळहातावर घेऊन कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. कोणत्या घरात कोणत्या बातम्या ऐकवून आलाय कोण जाणे.

तो क्यू वनला लावला. क्यू टूला ११५ गेनवाला, लीकेज १९० असलं तरी तिथे चालून जातं. ८.२ के च्या जागी २० के चा ट्रिमपॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर. सकाळी ४.५, दुपारी चारला ३७ डिग्रीत ५.१, आणि आवाज तोच! गिटारचा व्हॉल्यूम सहावर, काच. जीव भांड्यात पडला. (ट्रिमपॉट आता बाहेर नॉब म्हणून काढणार, पुण्यात एप्रिल आणि डिसेंबर एकाच सेटिंगवर निघणं शक्य नाही. आणि बॅटरी साधी झिंक कार्बनचीच, यात बाकी पेडलच्या उलट प्लस ग्राउंड असल्याने त्यांच्या अडॅप्टरवर जोडायचं नाही.)

गिलमोरभक्ताचं म्हणणं, हेंड्रिक्सच पुढे सिलिकॉन ट्रान्झिस्टरवाल्या फझ फेसवर गेला, तू कशाला अडून बसलायस. वर हेही की १९७३ ला गिलमोरही फझ फेसच वाजवत होता. दोन्ही खरं आहे. पण या आठवड्याने माझं मत आणखी पक्कं झालं. हा डबा मला बंद खोलीत, एका जागी बसून सांभाळता येत नव्हता. हेंड्रिक्स असल्याच लहरी डब्यातून, डावखुरा म्हणून उजव्या हाताची स्ट्रॅट गिटार उलटी धरून, नॉब वरच्या बाजूला आलेले असताना, व्हॉल्यूम कमीजास्त करत क्लीन ते किंकाळी असा प्रवास एका ओळीत करायचा. १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वूडस्टॉक महोत्सवात त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं, त्यातला फीडबॅक (अँपच्या आवाजाने गिटार पुन्हा वाजू लागून उठणारी किंकाळी) ऐका, कधीही हातातून सुटेल असा आवाज आणि तो त्याला हवा तिथे वळवतोय. गिलमोरची नोट आधीपासून तयार असते, परिपूर्ण असते. हेंड्रिक्सची तिथल्या तिथे घडते. मला दुसरी जास्त मोठी वाटते.

पण हे लिहिताना एक गोष्ट टोचायला लागली. हाताने आवाज घडवणं हाच निकष असेल तर इंग्लिश गिटारवादक जेफ बेकचं काय? ऐंशीच्या दशकात त्याने पिकच सोडून दिलं, अंगठ्याने आणि बोटांनी वाजवायचं, करंगळी व्हॉल्यूम नॉबवर, तळहात ट्रेमोलो आर्मवर (सूर वरखाली करणारी दांडी), एकच नोट श्वास घेतल्यासारखी. माझ्याच निकषावर तो हेंड्रिक्सच्या शेजारी येऊन बसतो आणि मला त्याला उठवता येत नाहीये. आत्ताच पिक बाजूला ठेवून आठ बार बोटांनी वाजवून बघितले, फझ फेसमधून, व्हॉल्यूम पाचवर. करंगळी नॉबपर्यंत पोचते पण नोट धरून ठेवून पोचत नाही, दर वेळी तार आधी सुटते.

त्यामुळे प्लॅन बदलला. डबा रंगवणं लांबणीवर, ड्रिल करून बायस नॉब (तोच ट्रिमपॉट) आधी. येत्या रविवारी तीन फेऱ्या होतील, हेंड्रिक्स, गिलमोर, बेक, आणि मुद्दाम दुपारी चारलाच, पंखा चालू, फ्रिज बंद. गिलमोरभक्ताला एकच अट, त्याने ट्यूनर पेडल फझ फेसच्या आधी लावायचं नाही, ट्यूनरमधल्या बफरने (गिटार आणि फझच्या मध्ये येणारं सर्किट) व्हॉल्यूमची सगळी गंमत मरते, मागच्या वेळी त्यावरच अर्धा तास गेला.

आणि कोणाकडे लीकेज १०० च्या आत, गेन ७० ते ८० मधला एसी १२८ पडून असेल तर कळवा, मी मोजूनच घेईन. असा माझ्याकडे एकच आहे आणि तो सोल्डर न करता सॉकेटमध्येच ठेवलाय.