‘साठ’चा ‘आठ’ होऊ नये म्हणून: हेडसेट माइकच्या कामाची नोंद

गोंगाटातही बोलणं स्पष्ट पोचवेल असा हेडसेट माइक मी बनवते आहे. मागच्या नोंदीत एकाच माइकवर गेट बसवून थांबले होते. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की गेट उघडायचं, खाली आला की बंद. पातळी मात्र कायमची नेमलेली नव्हती, खोलीतला गोंगाट मोजून ती आपोआप वरखाली सरकत होती. पंखा आणि संगणकाची घरघर छान दबली, तेव्हा काम जमलं असं वाटलं होतं.

मग खरी परीक्षा घेतली. पंखा जोरात लावून पन्नास आकडे वाचले आणि रेकॉर्डिंग दादाला ऐकवून, जे ऐकू येईल ते लिही म्हटलं. अकरा चुकले. ‘साठ’च्या जागी त्याने ‘आठ’ लिहिलं होतं आणि ‘सहा’पुढे प्रश्नचिन्ह होतं. रेकॉर्डिंग स्वतः ऐकल्यावर कारण लगेच कळलं. स, श, फ, ह या ध्वनींमध्ये जोर कमी, आणि स-शचा बराचसा भाग वरच्या कंपनसंख्यांमध्ये असतो. एकूण पातळी बघणारं गेट ‘सा’मधल्या ‘आ’वर उघडतं, तोवर ‘स’ निघून गेलेला असतो. आवाज थोडा उशिराने सोडून गेटला आधी विचार करायला वेळ द्यावा, म्हणून २० मिलिसेकंद उशीर ठेवून पाहिला. पुरला नाही, कारण शब्दाच्या सुरुवातीचा ‘स’ सहज १०० मिलिसेकंद चालतो. तेवढा उशीर ठेवला तर समोरच्याशी बोलताना अडखळायला होतं.

म्हणून गेट काढून टाकलं. आता सेकंदाला आवाजाची १६,००० मोजमापं (सॅम्पल) घेते, २५६ सॅम्पलचा एकेक तुकडा (फ्रेम) करते आणि दर ८ मिलिसेकंदांनी पुढची फ्रेम घेते. प्रत्येक फ्रेमचा वर्णपट, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येत किती जोर आहे ते, काढून कंपनसंख्यांच्या प्रत्येक पट्ट्याचा निर्णय वेगळा होतो. पंख्याची घरघर मुख्यतः खालच्या पट्ट्यांत असते, ‘स’ वरच्या पट्ट्यांत, त्यामुळे दोघांची गल्लत टळते. शिवाय कुठलाच पट्टा पूर्ण बंद करत नाही, जास्तीत जास्त १५ डेसिबल खाली आणते. पूर्ण शांततेतून अचानक आवाज उसळला की कानाला त्रास होतो. मागे थोडी घरघर राहिलेली बरी वाटते.

वर्णपटातून गोंगाट वजा करण्याची ही वाट १९७९ मध्ये स्टीव्हन बोल यांनी मांडली. तिच्यातला जुना दोषही मला भेटला. गोंगाटाचा अंदाज सरासरी असतो, प्रत्यक्ष गोंगाट दर फ्रेमला हलतो, आणि वजाबाकीनंतर इकडेतिकडे एकेकटे सूर उरतात. ऐकताना पाण्याखाली कोणी टिणटिण करतंय असं वाटतं. पट्ट्यांचा गेन, म्हणजे कुठला पट्टा किती दाबायचा ते प्रमाण, एका फ्रेमहून दुसरीकडे जाताना थोडा गुळगुळीत केल्यावर हे बरंच कमी झालं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका प्रश्नावर: मी बोलत असताना गोंगाट मोजायचा कसा? इथे रायनर मार्टिन यांची किमान-मूल्याची पद्धत वापरली. बोलण्यातही अक्षरा-अक्षरांच्या मध्ये प्रत्येक पट्ट्यातली ऊर्जा क्षणभर गोंगाटाच्या पातळीपर्यंत उतरते. म्हणून मागच्या दीड सेकंदातलं सर्वांत कमी मूल्य धरायचं, तोच गोंगाट. किमान हे सरासरीच्या खाली असतं, तेव्हा त्याला एका गुणकाने वर उचलावं लागतं. हा गुणक मी आधी विसरले आणि दोन दिवस गोंगाट का उरतोय ते शोधत बसले.

या पद्धतीची किंमतही आहे. पंखा बंद केला की अंदाज झटकन खाली येतो, पण सुरू केला की दीड सेकंद उलटेपर्यंत तो गोंगाट म्हणून धरलाच जात नाही. दीड सेकंदाची ही मुदत लहान करावी तर दुसरं दुखणं. मी लांब ‘आऽऽ’ म्हटलं, आणि दीड सेकंदानंतर माझाच सूर विरत गेला. एका माइकला स्थिर सूर आणि स्थिर घरघर यांत फरक कळायला काही मार्गच नाही. हे कुठलाही आकडा बदलून सुटणार नव्हतं.

इथून दुसरा माइक आला, आणि या महिन्यातला खरा आनंद तिथेच आहे.

दोन्ही आयएनएमपी४४१ या जातीचे छोटे डिजिटल माइक आहेत. एकाची निवड-पिन ग्राउंडला, दुसऱ्याची वीजपुरवठ्याला जोडली की दोघे एकाच डेटा-तारेवर डावा-उजवा म्हणून बोलतात. टीन्सी ४.० या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला हे सहज झेपतं. पहिला माइक ओठांच्या कोपऱ्यापासून ३ सेंटीमीटरवर. अगदी समोर ठेवला तर प, फ, भ यांचा श्वास थेट आदळतो, म्हणून बाजूला. दुसरा कानाच्या वाटीवर बाहेरच्या बाजूला, ओठांपासून साधारण १२ सेंटीमीटर. अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबलने घटते, म्हणजे चौपट अंतराला १२. डोक्याच्या अडथळ्यामुळे हिशेब तंतोतंत बसत नाही. माझ्या मोजणीत माझ्या बोलण्याचा फरक १० च्या आसपास येतो. पंखा मात्र दूर असतो, त्याला दोन्ही माइक जवळजवळ सारखेच. बस, एवढंच हवं होतं. फरक ६ डेसिबलपेक्षा जास्त असेल तर मी बोलते आहे. त्या वेळी गोंगाटाचा अंदाज गोठवायचा. नाहीतर तो मोकळेपणाने शिकू द्यायचा, तोही वेगाने. लांब ‘आऽऽ’ आता शेवटपर्यंत टिकतो, आणि मी गप्प असताना पंखा लागला तर अर्ध्या सेकंदात दबतो.

दुसरा माइक हाताशी आहे म्हटल्यावर विड्रो आणि सहकाऱ्यांच्या १९७५ च्या मांडणीप्रमाणे अनुकूली फिल्टरही लावून पाहिला: कानाजवळच्या माइकमधून तोंडाजवळच्या गोंगाटाचा अंदाज बांधायचा आणि वजा करायचा. तिथे अट अशी की संदर्भाच्या माइकमध्ये बोलणं शिरू नये. माझ्याकडे ते शिरतंच. पहिल्या प्रयत्नात फिल्टरने माझाच आवाज खायला सुरुवात केली. वरचीच ६ डेसिबलची अट लावून बोलताना फिल्टर गोठवला, तेव्हा तो शहाण्यासारखा वागू लागला. पण फायदा खालच्या सुरांपुरताच. गोंगाट चहूकडून येत असेल तर दोन माइकमधलं साम्य कंपनसंख्या वाढेल तसं घटतं, आणि १२ सेंटीमीटर अंतराला ते साधारण १,४०० हर्ट्झच्या सुमारास शून्यावर येतं. त्याच्या वर वजा करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून खाली फिल्टर, वर पट्ट्यांचा गेन अशी वाटणी ठेवली आहे. कीबोर्डची खटखट दोघांनाही फारशी आवरत नाही.

चाचणीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. सुरुवातीला मी शांत खोलीत आवाज रेकॉर्ड करून त्यात नंतर गोंगाट मिसळत होते. ते सोपं असतं, पण फसवं. गोंगाटात माणूस वेगळं बोलतो. आवाज चढतो, स्वर लांबतात, वरच्या कंपनसंख्या वाढतात. एत्येन लोंबार यांनी १९११ मध्येच हे दाखवलं होतं. आता गोंगाट स्पीकरवर लावून, त्यातच बसून नवीन रेकॉर्डिंग केली आहेत. कानाच्या वाट्या बंद प्रकारच्या असल्याने स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही आणि मी उगाच ओरडते, म्हणून माझाच आवाज थोडासा कानात परत सोडला. त्याने घशाला आराम मिळाला, आणि माइकची पातळीही एकसारखी राहू लागली.

दादाची परीक्षा पुन्हा घेतली, आकड्यांचा क्रम बदलून. पन्नासातले तीन चुकले. ‘साठ’ या वेळी ‘साठ’च होता. एकदा ‘एकोणसाठ’चा ‘एकोणसत्तर’ झाला, तो मीच घाईत वाचला होता की माइकने बिघडवला, हे रेकॉर्डिंग ऐकूनही ठरवता येत नाही.

उरलेली मोठी अडचण वाऱ्याची आहे. खिडकीशी उभं राहिलं आणि झुळूक तोंडाजवळच्या माइकवर आली, की फरक ६ डेसिबलच्या वर जातो आणि यंत्राला वाटतं मी बोलते आहे. मग ते वाऱ्यालाच जपून पुढे पाठवतं. स्पंजची टोपी घालून थोडा फरक पडला, पुरेसा नाही. वाऱ्याची फडफड प्रत्येक माइकवर स्वतंत्र असते, माझं बोलणं मात्र दोन्हीकडे खालच्या सुरांत जुळतं. तेव्हा पातळीच्या फरकाबरोबर ५०० हर्ट्झच्या खालचं साम्यही तपासायचं, आणि दोन्ही अटी पटल्या तरच बोलणं धरायचं, असं मनात आहे. साम्य मोजायला काही फ्रेमची सरासरी लागते, म्हणजे निर्णयाला पुन्हा उशीर. तो किती ठेवला तर ‘स’ वाचतो, ते पुढच्या रविवारी मोजेन.