दऱ्यांचा दर्या आणि पडून राहिलेला पॅच

मागच्या पावसाळ्यात आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या वेबसाइटवर जांबोटी-चोर्ल्याकडची माहिती टाकत होतो, 'खोल दऱ्या' लिहिलं, सेव्ह केलं आणि बघतो तर 'खोल दर्या' झालेलं, म्हणजे दरीचा थेट समुद्र. शोधत गेल्यावर कळलं की साइट जी ओपन सोर्स लायब्ररी (कुणालाही बघता-बदलता येणारा तयार कोड) वापरते ती मजकूर साफ करताना न दिसणारी सगळी अक्षरं उडवून टाकते. ऱ हे वेगळं अक्षर टाईप केलं तर काही बिघडत नाही, पण बरेच जण र, हलंत आणि मग झिरो विड्थ जॉइनर असं टाईप करतात. तो जॉइनर डोळ्याला दिसत नाही पण तो गेला की दऱ्याचं दर्या आणि आचाऱ्यासचं आचार्यास होतं, म्हणजे स्वयंपाक्याचा गुरुजी.

फिक्स, म्हणजे दुरुस्ती, कोडच्या चार ओळींचा होता. पण मी उत्साहात आजूबाजूची फंक्शनं पण नीट केली, इंडेंटेशन बदललं, एकूण १४ फायली झाल्या आणि तो सगळा पॅच (कोडमधे सुचवलेला बदल) लायब्ररीच्या प्रोजेक्टला पाठवून दिला. सात आठवडे कुणी काही बोललं नाही. मला खरंच लागलं ते, वाटलं मराठीचं बिघडलंय म्हणून कुणाला पडलेली नाही.

बाबा बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमधे आहेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "चार लेथ चालूलालेत आणि गेज घेऊन जॉब तपासत बसलेला माणूस एकच, मग जॉब साठणार कुठं? त्याच्याच टेबलावर की. आणि ढिगातला आधी कुठला उचलेल तो? ज्याच्याबरोबर ड्रॉइंग आहे तो."

मग त्या प्रोजेक्टची हिस्टरी नीट बघितली, रिव्ह्यू करणारे, म्हणजे आलेले पॅच तपासणारे, दोघंच, दोघंही नोकरी करणारे, कमिट (कोडमधे नोंदवलेले बदल) बघितले तर रात्रीचे नाहीतर रविवारचे. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्याच्या डॉक्युमेंटेशनमधे लिहिलंय की पॅच पाठवल्यावर आठवण करायच्या आधी कमीत कमी एक आठवडा थांबा, मर्ज विंडो (नवे बदल मुख्य कोडमधे घ्यायचा काळ) चालू असेल तर अजून जास्त. तिथं पगारी माणसं भरपूर आहेत तरी असं. आणि २०२४ मधे एक्सझेडचं (फायली दाबून लहान करणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) जे झालं ते तर मला विसरताच येत नाही, एकटा माणूस इतकी वर्षं ते सांभाळत होता, पॅच लवकर बघत नाही म्हणून काही खात्यांवरून (ती बहुतेक खोटीच) त्याला टोचून टोचून लिहिलं गेलं, शेवटी त्यानं मदत करणाऱ्या नव्या माणसाला कोड बदलायचे हक्क दिले आणि त्याच माणसानं त्यात मागचा दरवाजा, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, घुसवला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे जाणवलं म्हणून ते सापडलं. त्यामुळं घाई करा म्हणून रागानं लिहायचं मी सोडून दिलं.

जुना पॅच बंद केला आणि फक्त त्या चार ओळी परत पाठवल्या. ड्रॉइंग म्हणून टेस्ट (कोड बरोबर चालतोय का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) जोडल्या, दऱ्या आणि दर्या, आचाऱ्यास आणि आचार्यास, दोन्हीचे स्क्रीनशॉट, आणि अर्थ कसा बदलतो ते दोन वाक्यांत, कारण समोरच्याला देवनागरी वाचता येत नाही, त्यानं कशाच्या भरवशावर हो म्हणायचं? नऊ दिवसांत उत्तर आलं. प्रश्न रास्त होता. न दिसणारी अक्षरं वापरून फसवी नावं बनवतात, म्हणून ती उडवली जातात, सगळी ठेवून कसं चालेल? मी म्हटलं मग हलंतानंतर आलेला जॉइनर तेवढा ठेवूया.

इथं माझा गोकाकचा दोस्त मधे आला, घरी कन्नड बोलणारा. त्याला म्हटलं होतं नुसतं चालवून बघ. त्यानं कन्नडमधे 'रॅली' टाईप केलं आणि म्हणाला, "हे आमच्यात तुटूलालंय की." कन्नडमधे जॉइनर हलंताच्या आधी येतो, र, मग जॉइनर, मग हलंत! माझा नियम मराठी वाचवून कन्नड मोडत होता आणि बेळगावात बसून, जिथं प्रत्येक दुकानाच्या पाटीवर दोन्ही लिप्या बघत मी लहानाचा मोठा झालो, मला ते सुचलं नव्हतं. त्यानं ते प्रोजेक्टवर लिहिलं, टेस्ट दिली, मी नियम बदलला, देवनागरी आणि कन्नडमधे हलंताच्या कुठल्याही बाजूचा जॉइनर राहील. अकराव्या दिवशी मर्ज झालं.

पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांकडं एक पद्धत आहे, कमिटफेस्टमधे (साठलेले पॅच तपासायचा ठरलेला काळ) स्वतःचा पॅच टाकलास तर दुसऱ्या कुणाचा तरी तेवढ्याच आकाराचा पॅच तू बघायचास. आधी मला हे बंधन वाटायचं. आता वाटतं माझ्या दोस्तानं जे केलं ते हेच, आणि त्याला तर स्वतःचा काही पॅच टाकायचाही नव्हता.

परवा त्या प्रोजेक्टवर बघितलं, बंगालीसाठी कुणीतरी फिक्स पाठवलाय, तिथंही र नंतर जॉइनर आणि मग हलंत, पाच आठवडे कुणी हात लावलेला नाही. मला बंगाली वाचता येत नाही पण कोड येतो आणि टेस्ट चालवता येते. रात्री जेवण झाल्यावर बसलो, एक टेस्ट फेल होतेय, का ते शोधून त्याला लिहिलंय.