तुम्ही विचारलंत म्हणून : गोळी कधी निघणार?

"उंदरांच्या पायावर पीएच.डी. करून राहिली आमची पोरगी," अशी माझी जाहिरात मावशीने नागपूरच्या अख्ख्या महाल भागात केली आहे. त्यामुळे कुणाचं प्लास्टर निघालं, कुणाचे बाबा महिनाभर धंतोलीच्या दवाखान्यात पडून घरी आले, की फोन मला येतो. पाय वाळलाय, उभं राहवत नाही. मग हमखास पुढचं वाक्य : तुमच्या त्या संशोधनातून यावर गोळी कधी निघणार?

लवकर नाही. कदाचित साधी गोळी निघणारही नाही.

लोकांना वाटतं, पडून राहिलं की स्नायू आपोआप झिजतो. आपोआप काही होत नाही. काम बंद पडलं की स्नायूची पेशी स्वतःच पाडापाडी काढते. रस्ता रुंदीकरणात मनपाची माणसं आधी भिंतींवर लाल खुणा करून जातात आणि मागाहून जेसीबी येतो, तसंच. पेशीतली लाल खूण म्हणजे युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन, आणि खूण पडलेलं प्रथिन तोडणारा जेसीबी म्हणजे प्रोटिअ‍ॅसोम. खुणेची ही पद्धत उलगडणाऱ्या तिघांना २००४ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी २००१ मध्ये स्नायूत ही खूण मारणारी दोन एन्झाइम सापडली होती, मर्फ-१ आणि अ‍ॅट्रोजिन-१. त्यांचे जीन काढून टाकलेल्या उंदरांचा मज्जातंतू कापून स्नायूचं काम बंद पाडलं, तरी तो इतरांपेक्षा कमी घटला. झालं, ही एन्झाइम अडवली की काम फत्ते, असं पुष्कळांना वाटलं.

माणसात गणित वेगळं निघालं. निरोगी माणसाचा पाय नुसता बांधून ठेवला, तर त्याच्या स्नायूत तोडफोड वाढण्यापेक्षा नवीन प्रथिनं बनणं मंदावतं, आणि मुख्य तोटा तिथेच होतो. दोन घास जास्त प्रथिनं खाऊनही तो स्नायू नेहमीसारखा दाद देत नाही. यावर आमच्या क्षेत्रात अजून हमरीतुमरी चालते, पण माझं मत या बाजूचं आहे. म्हणजे पाडणाऱ्याला अडवून काय उपयोग, बांधणाराच घरी बसला असेल तर? दुसरा रस्ता मायोस्टॅटिनचा. स्नायूच्या वाढीला लगाम घालणारं हे प्रथिन १९९७ मध्ये सापडलं. त्याच्या मार्गात आड येणारी औषधं माणसांना देऊन पाहिली. स्नायू वाढला, पण चालण्याच्या कसोटीत म्हणावा तसा फरक पडला नाही. पोटरी भरलेली दिसण्यासाठी कुणी मला फोन करत नाही, उठून संडासला जाता यावं म्हणून करतात.

मग मी करते काय? पांढऱ्या रॅटच्या शेपटीला चिकटपट्टी लावून ती पिंजऱ्याच्या वरच्या फिरत्या कडीला अडकवायची. मागचे पाय अधांतरी राहतात. पुढच्या पायांवर तो पिंजराभर हिंडतो, खातो, पितो. अंतराळवीरांच्या पायांचं काय होतं हे जमिनीवर अभ्यासण्यासाठी नासात एमिली मोरे-होल्टन यांनी सत्तरच्या दशकात ही पद्धत बसवली. प्राणी नीतिसमितीची परवानगी घेतल्याशिवाय यातलं काहीही करता येत नाही, आणि तसंच असायला हवं.

पोटरीचा मोठा स्नायू उलटवला की खाली सोलियस दिसतो. चपटा, गडद लाल, रॅटमध्ये जेमतेम शे-दीडशे मिलिग्रॅमचा. उभं राहताना सतत राबणारा हाच, म्हणून आधी मार यालाच बसतो. दोन आठवड्यांत तिसरा हिस्सा तरी जातो. नडगीच्या बाजूचा, बोटं वर उचलणारा स्नायू त्या मानाने खूपच कमी घटतो. सोलियस टिपकागदावर अलगद टेकवून तराजूवर ठेवायचा, तर पंखा बंद करावा लागतो, नाहीतर आकडा थांबतच नाही. मे महिन्यातलं नागपूर, आणि पंखा बंद! जनावरांच्या खोलीला एसी आहे, आम्हाला कूलर. शिकायला आलेल्या पोरी विचारतात, "मॅडम, आपण काहून रॅट नाही झालो?"

या कामातून मला पटलेली गोष्ट घाईची आहे. निरोगी तरुणांचा पाय प्लास्टरमध्ये ठेवून मोजलं, तर ५ दिवसांत मांडीचा स्नायू ३.५ टक्के घटला आणि ताकद ९ टक्के. १४ दिवसांत तेच आकडे ८ आणि २३ च्या आसपास गेले. ताकद आकाराच्या पुढे पळते. टेपने मांडी मोजून "फार नाही उतरली" म्हणणाऱ्यांनी हे बघावं. साठीच्या पुढच्या निरोगी माणसांना १० दिवस खाटेवर झोपवलं, तर दोन्ही पायांतून मिळून किलोभर मांस गेलं. व्हेंटिलेटरवर तर श्वासपटलाचे तंतू १८ ते ६९ तासांत निम्म्याहून बारीक झालेले आढळले, हे २००८ चं काम. आणि आपल्याकडे फिजिओथेरपिस्टला बोलावतात कधी? डिस्चार्जच्या आदल्या दिवशी. तोवर भेटायला आलेला प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा ठेवून "आराम करा बाप्पा" सांगून जातो.

म्हणून फोनवर मी गोळीचं बोलतच नाही. डॉक्टरांना विचारा, उद्या खाटेच्या कडेला बसवता येईल का? प्लास्टरच्या आत मांडी आवळून-सोडून चालेल का? पुष्कळदा चालतं. काही फ्रॅक्चरमध्ये नाही चालत, म्हणून विचारायचं. फोन करणाऱ्याची थोडी निराशा होते, ती मला ऐकू येते.

आता माझ्याच क्षेत्राची एक तक्रार. आमचे बहुतेक प्रयोग तरुण, अजून वाढणाऱ्या रॅटवर होतात. त्यात खरी घट किती आणि थांबलेली वाढ किती, हे वेगळं काढावं लागतं. फोन येतात ते मात्र सत्तरीच्या बाबांचे. म्हणून पुढचा प्रस्ताव मी म्हाताऱ्या रॅटवर लिहिला आहे. रॅट म्हातारा व्हायला दोन वर्षं लागतात, तोवर त्याला पोसायचं, आणि फेलोशिप तीन वर्षांची. मार्गदर्शकांनी वेळापत्रक वाचलं आणि पहिल्या दोन वर्षांच्या रकान्यासमोर पेन्सिलीने लिहिलं, "या काळात तू काय खाणार?"