लातूरची तूर डाळ अन् द्रांग-द्रुंग ग्लेशियर

सोयाबीनची दुसरी फवारणी उरकली अन् लडाखमधलं द्रांग-द्रुंग ग्लेशियर बघायला निघालाव, मी, दाजी अन् एक दोस्त, दाजींच्या जुन्या बोलेरोत. श्रीनगरपर्यंतचं काय सांगू, नुसते टोल अन् ढाबे. खरी गंमत झोजिला खिंडीच्या पुढं.

कारगिलला पोहोचलो तसं दाजी म्हणले लगेच पुढं सुटू, पण होमस्टेवाल्या चाचानं अडवलं, इथं तुम्ही २,६७६ मीटरवर आहात, रंगदुम ४,००० च्या आसपास, डोकं धरून बसाल. मग एक दिवस नुसते लोळलाव, लई बरं झालं. टाकी फुल्ल केली. एक सांगतो, आपलं प्रीपेड सिम तिकडं चालतच नाही, पोस्टपेडच लागतंय, अन् तिघांत पोस्टपेड एकट्या दाजींचं, म्हणजे आमच्या बायकांना फोन पण दाजींच्याच समोर. सांकूच्या पुढं तर तेही गेलं.

पानिखार गावापासून नून-कुन ही जोडशिखरं दिसायला लागली, नून ७,१३५ मीटर. रस्ता काही ठिकाणी नुसता दगडगोटा.

रंगदुमला नदीकाठी तंबू टाकला, वारं असं की खुंट्यांवर दगड ठेवावे लागले. अन् मग सैपाक. आम्ही लातूरचे म्हणल्यावर तूर डाळ घरचीच, तोऱ्यात स्टोव्हवर पातेलं चढवलं. एक तास झाला, दीड तास झाला, डाळ शिजनाच. पाणी खळखळ उकळतंय पण दाणा टणक. तिथं हवेचा दाब कमी, पाणी ८६-८७ अंशालाच उकळतंय, मग डाळ कशाची शिजायली. बायको म्हणली होती छोटा कुकर न्या, मी खुर्च्यांना जागा व्हावी म्हणून काढून ठेवला. शेवटी मुरमुऱ्याचा सुशीला करून खाल्ला. उरलंसुरलं सगळं गाडीत कोंबलं, कारण त्या भागात तपकिरी अस्वल फिरतंय अन् वास त्याला लांबून कळतोय. रात्री बाहेर जायची हिंमत कुणाचीच झाली नाही, तिघं बी पोट दाबून झोपले.

सकाळी तंबूजवळच शिट्टी ऐकू आली. दाजी म्हणले कोण पोरगं आलंय बघ. बघतो तर मार्मोट, बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभं, मांजरापेक्षा मोठं, गुबगुबीत. शिट्टी म्हणजे त्याची बाकीच्यांना वॉर्निंग. दोस्त बिस्कीट टाकायला निघाला, त्याला ओरडलो. जंगली जनावराला सवय लावायची नसती.

मग पेन्सी ला खिंड, ४,४०० मीटर. वळण घेतलं अन् गाडीत एकदम गप्प. द्रांग-द्रुंग २३ किलोमीटर लांब, म्हणजे लातूरहून निघून औसा मागं टाकंल एवढा बर्फ, अन् मधोमध काळे पट्टे. त्याच्याच पाण्यातून स्तोद नदी, ती पदुमजवळ त्सारापला मिळून झंस्कार होती. दाजी बराच वेळ बघत बसले अन् म्हणले, "२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं की रे आपल्याला." कुणी काही बोललं नाही.

परत येताना सांकूजवळ रेंज आली तसा पहिला फोन आमच्या घरून, दाजींनी स्पीकरवरच टाकला.

"डाळ शिजली का?"


दाजी खिडकीतून बाहेर बघायले.