स्टाफ नर्स ते एमपीएच: सर्पदंशावरच्या प्रबंधाचा माझा अनुभव

कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काही वर्षं स्टाफ नर्स म्हणून काम केल्यावर मी पुण्यात एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. एम.एस्सी. नर्सिंग सोडून हे कशाला, असं मैत्रिणी अजूनही विचारतात. कारण साधं आहे. पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे साप चावलेले रुग्ण यायचे. काही वाचायचे, काही नाही. "जरा आधी आणायला हवं होतं" हे वाक्य डॉक्टर बोलायचे, मीही नातेवाइकांना बोलायचे. पण मधला वेळ गेला कुठे, हे वॉर्डात उभं राहून कळत नव्हतं.

प्रवेशाबद्दल थोडक्यात सांगते. पात्रतेचे नियम संस्थेगणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी वैद्यकीय पदवीच लागते, काही ठिकाणी समाजकार्य, संख्याशास्त्र, शेती असा कुठलाही पदवीधर चालतो. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र ही या क्षेत्रातली जाणती नावं. मी दोन्हींची माहितीपत्रकं वाचली होती. शेवटी घरच्या अडचणींमुळे पुणं सोयीचं पडलं. लेखी परीक्षेपेक्षा मुलाखत महत्त्वाची ठरली. तिथे मला पाठांतराचं काही विचारलं नाही, रुग्णालयातला कुठला प्रश्न मला छळतो ते विचारलं. मी सापाचं सांगितलं.

आमच्या वर्गात बीएएमएस डॉक्टर होते, दंतवैद्य होते, एक फिजिओथेरपिस्ट, समाजकार्य केलेल्या दोघी, संख्याशास्त्राचा एक मुलगा आणि बी.एस्सी. ॲग्री झालेला एक जण होता. पहिल्या सत्रात प्रत्येकाची कुठे ना कुठे दमछाक झाली. मला संख्याशास्त्राने रडवलं, तर संख्याशास्त्राच्या मुलाला रक्तदाबाचे दोन आकडे कशाचे ते माहीत नव्हतं.

एका सरांनी साथरोगशास्त्राची सुरुवात पुण्याच्या प्लेगपासून केली, ते फार आवडलं. वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस तयार केली होती. म्हणजे लस हाताशी आली होती. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला, पुण्यात सैनिक घराघरांत शिरून झडती घेऊ लागले, आणि लोक रुग्ण लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी गेल्या. सरांनी आम्हाला एकच काम दिलं: या साथीत रुग्ण लपवले का गेले याचं उत्तर तुमच्या मूळ विषयातून लिहा, आणि मग शेजारच्याचं वाचा. सरकारी बंदोबस्ताने संसर्ग थांबवायचा तर लोकांचा विश्वास हाही उपचाराचाच भाग धरावा लागतो, हे माझ्या उत्तरात नव्हतं; समाजकार्यवालीच्या उत्तरात होतं. रुग्ण वेगळा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिच्या उत्तरात नव्हतं, माझ्यात होतं.

तरीही सांगते, वेगवेगळ्या विषयांचे तास एकापाठोपाठ ऐकून विषय आपोआप जोडले जात नाहीत. वर्षभर आम्ही सकाळी आरोग्य अर्थशास्त्र, दुपारी पर्यावरण, असे डबे बदलत राहिलो. खरा जोड प्रबंधात लागला.

माझा पहिला प्रस्ताव होता: 'सर्पदंशाचे रुग्ण रुग्णालयात उशिरा का येतात?' मार्गदर्शक डॉक्टर होते, त्यांना तो पसंत पडला. सहमार्गदर्शक मॅडम मानववंशशास्त्राच्या. त्यांनी कागद वाचून विचारलं, "उशीर कुणाच्या घड्याळाप्रमाणे? केसपेपरवर तर फक्त तुमच्या दारात आल्याची वेळ आहे. त्याआधी ती माणसं काय करत होती?" एवढ्यावर माझा विषय फिरला. रुग्ण का उशिरा आला याऐवजी, चावल्यापासून प्रतिविषाची, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाची, पहिली बाटली सुरू होईपर्यंतचा वेळ कुठे कुठे गेला, असा तो झाला. ऐकायला फरक बारीक वाटेल. पण पहिल्या प्रश्नात दोष रुग्णाच्या घरी असतो, आणि दुसऱ्यात आमचं रुग्णालयसुद्धा तपासणीखाली येतं.

दुसरा धक्का साथरोगशास्त्राचा. मी रुग्णालयाच्या नोंदवहीतून यादी काढणार होते. सर म्हणाले, "जे तुमच्यापर्यंत पोचलेच नाहीत त्यांचं काय?" मग त्यांनी मिलियन डेथ स्टडी, म्हणजे देशभरातल्या मृत्यूंच्या कारणांचा एक मोठा अभ्यास, वाचायला दिला. त्यात घरोघर जाऊन मृत्यूची हकीकत विचारली गेली आणि ती वाचून दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे कारण ठरवलं. त्याला व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार २००५ साली देशात सुमारे ४६ हजार माणसं सर्पदंशाने दगावली होती, आणि सरकारी रुग्णालयांच्या नोंदीत यांचा अगदी छोटा भाग होता. पुढे २०२० मध्ये २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आला: बारा लाख मृत्यू, वर्षाला सरासरी ५८ हजार. मृत्यू बहुतेक खेड्यात, आणि बहुतेक घरीच किंवा वाटेत. मी ज्या वॉर्डाला पूर्ण चित्र समजत होते तो त्याचा एक कोपरा होता. मग मी आशाताईंच्या मदतीने आणि ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदींवरून घरं शोधली.

नीतिमत्ता समितीला बरेच जण अडथळा समजतात. मला ती या सगळ्यातली सर्वांत उपयोगी पायरी वाटली. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे या समितीत डॉक्टरांबरोबर कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. आमच्या समितीतल्या सामान्य नागरिक सदस्य निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी माझं संमतीपत्र बैठकीत मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, "माझ्या आईला हे वाचून दाखवलं तर ती सही करेल, पण तिला कळणार काहीच नाही." वकिलांचा मुद्दा आणखी महत्त्वाचा होता. शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसाला दोन लाख रुपये मिळतात. ज्यांचा अर्ज अडकलाय त्यांना वाटेल की मला मुलाखत दिली तर काम होईल, आणि नकार दिला तर बिघडेल. म्हणून संमतीपत्रात पहिलंच वाक्य आलं: 'या मुलाखतीचा तुमच्या मदतीच्या अर्जाशी काहीही संबंध नाही.' सगळं पत्र मी बोलीभाषेत पुन्हा लिहिलं.

गावात मुलाखती सुरू झाल्यावर पहिली अडचण वेळेची. कुणी घड्याळ बघून बसलेलं नसतं. मॅडमनी सांगितलं होतं की 'किती वाजता' विचारू नका, 'तेव्हा आणखी काय चाललं होतं' ते विचारा. मी मोठा चौकटीचा कागद घेऊन जायचे, एक चौकट म्हणजे पाव तास. घरातल्या सगळ्यांना भोवती बसवायचे.

एका घरातलं अजून डोळ्यांसमोर आहे. गवत कापताना तिथल्या दादांना घोणस चावली होती. पुढे मूत्रपिंडांवर परिणाम होऊन डायलिसिसही झालं, पण ते वाचले. वहिनी म्हणाल्या, "गडी हाक मारत आला, यांना पान लागलं (म्हणजे साप चावला) म्हणून. मी चुलीवर भात ठेवलेला." सासूबाईंनी लगेच दुरुस्त केलं, "भात उतरवला होतास. दुपारची एसटी वर जायची होती." त्यावरून आम्ही पहिली खूण केली. शेजारची रिक्षा बाजाराला गेली होती, ती आणायला भाऊ धावला. तोवर आजींनी वरच्या वाडीतल्या भगताला बोलावलं. त्याने मंत्र घातला, रिक्षा आली, सगळे निघाले. पहिल्या केंद्रात टीटीचं इंजेक्शन देऊन चिठ्ठी दिली, पुढे पाठवलं. दुसरीकडे रक्ताची तपासणी होऊन प्रतिविष सुरू झालं. नंतर जिल्ह्याला.

कागद पुरा झाल्यावर दादा स्वतः त्यावर बोट फिरवत बसले. भगताच्या वाट्याला दीड चौकट होती, आणि तीही रिक्षाची वाट बघण्याच्या वेळेतच बसत होती. एका केंद्रातून दुसऱ्याकडे जाण्यात चौकटींची अख्खी ओळ गेली होती. अनेक घरांत हेच दिसलं. लोक भगताकडे जातात म्हणून उशीर होतो, असं आम्ही वॉर्डात ठामपणे बोलायचो. काही घरांत ते खरंही होतं. पण जास्त वेळ खाल्ला तो गाडीने आणि चिठ्ठीने.

नर्सिंगच्या शिक्षणातलं एक कौशल्य मला इथे उपयोगी पडलं. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठत नाही. ते ओळखायला वीस मिनिटांची साधी चाचणी असते: नव्या, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत दोन मिली ताजं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलंय, प्रतिविष द्यायचं. पण नळी काचेचीच हवी. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या काचेत रक्त नीट गोठत नाही आणि विष नसताना विष असल्याचा निकाल येऊ शकतो. एका केंद्रात मला प्लास्टिकच्याच नळ्या दिसल्या. माझ्याबरोबर आलेल्या समाजकार्यवाल्या मैत्रिणीला ट्रेवरच्या नळ्यांत वावगं काही दिसलं नव्हतं. आणि भगताच्या घरी तिने अर्धा तास ज्या सहजतेने गप्पा मारल्या, ते मला जमलं नसतं.

गमबुटांचं श्रेय ॲग्रीवाल्या मित्राचं. प्रत्येक आरोग्यपत्रकात 'शेतात गमबूट घाला' असतं. माझ्या प्रबंधातल्या सल्ल्यांचा मसुदा वाचून तो म्हणाला, "लावणीच्या चिखलात गमबूट घालून दहा पावलं चालून दाखव. पाय वर येतो, बूट आत राहतो." मग आम्ही सल्ल्याची फोड केली. लावणीला बूट चालत नाहीत. गवत कापायला, कातळावरून चालायला, भाताचे भारे उचलायला चालतात. रात्री बॅटरी, आणि जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली, कारण मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. मच्छरदाणीचा हा फायदा आग्नेय नेपाळमधल्या अभ्यासात दिसला आहे. नेपाळमध्येच दमक भागात गावातल्या मोटारसायकलवाल्या स्वयंसेवकांनी रुग्ण थेट उपचार केंद्रात पोचवायला सुरुवात केली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण साडेदहा टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आलं. त्यात औषध नवं नव्हतं, वाहतूक नवी होती. माझ्या चौकटीच्या कागदांना याहून चांगला आधार मिळाला नाही.

विश्लेषणात संख्याशास्त्राच्या मुलाने मला सरासरी वापरू दिली नाही. दोन-तीन घरांत वेळ फार लांबला की सरासरी फुगते, म्हणून मध्यक, म्हणजे सगळ्या वेळा क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारी वेळ, घ्यायचा, आणि किती जणांना किती वेळात प्रतिविष मिळालं याचा आलेख काढायचा. तो आलेख काढताना मी त्याच्याशेजारी बसून शिकले, पुस्तकातून मला कधीच जमला नसता.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "यात नर्सिंग कुठे आहे?" मी परीक्षानळीचं सांगितलं. त्यांनी वीस मिनिटं नळी का हलवायची नसते यावर बराच वेळ प्रश्न विचारले, आणि संमतीपत्राची एक प्रत मागून घेतली.

जायचं असेल त्यांनी प्रवेशाआधी एक गोष्ट जरूर विचारावी: प्रबंधाला दुसऱ्या शाखेचा सहमार्गदर्शक घेता येतो का, आणि तो खरोखर भेटतो का. नुसत्या विषयांच्या यादीवर जाऊ नये. नोकरीतून येणाऱ्यांनी पगारी रजेचं आधी लेखी करून घ्यावं.

मी आता तालुक्यात परत आले आहे. प्रबंध दाखवल्यावर आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी रेफर चिठ्ठीवर तीन रकाने वाढवले: चावल्याची वेळ, पहिल्या केंद्रात पोचल्याची वेळ, पहिली बाटली सुरू केल्याची वेळ. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचं उद्दिष्ट ठेवून; त्याच वर्षी राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायलाही सांगितलं. रुग्णालयात आलेल्यांची नोंद त्यामुळे सुधारेल. घरीच दगावलेल्यांची कशी होणार, यावर आशाताईंबरोबर एक सोपा फॉर्म तयार करते आहे. पहिला मसुदा त्यांनी लांबलचक म्हणून परत पाठवलाय, तो या आठवड्यात एका पानावर आणायचा आहे.