सेकंडरीकडची प्रत आधी बाजूला काढा
गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीतून सकाळी तक्रार आली ती एवढीच, की "नेट स्लो झालंय". कुठलंही पान आधी अडतं, मग झटकन उघडतं. तिथली बहुतेक यंत्रं लिनक्सवर चालतात. लिनक्स यादीतल्या पहिल्या डीएनएस सर्व्हरची (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरची) ५ सेकंद वाट बघतं आणि मगच दुसऱ्याला विचारतं. म्हणजे मूळ नोंदी सांभाळणारा प्रायमरी पडला होता आणि त्यांची प्रत ठेवणारा शाहूपुरीच्या ऑफिसातला सेकंडरी एकटा किल्ला लढवत होता.

प्रायमरीची डिस्क वाचलीच जात नव्हती. नवी एसएसडी, त्यावर सिस्टिम, बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती आणि रविवार रात्रीच्या बॅकअपची टार फाइल. इथवरचं काम सरळ होतं.

खरी मेख सिरियल नंबरात, म्हणजे झोनच्या आवृत्तीच्या क्रमांकात असते. रविवारनंतर झोनमध्ये, म्हणजे नावं आणि आयपींच्या यादीत, नव्या नोंदी झाल्या होत्या. त्या बॅकअपात नव्हत्या, सेकंडरीकडे मात्र पोचल्या होत्या. अशा वेळी जुना झोन तसाच चालू केला, तर प्रायमरीचा सिरियल लहान म्हणून सेकंडरी तो घेत नाही आणि दोन सर्व्हर दोन वेगळी उत्तरं देत राहतात. पुढे कुणी साधी दुरुस्ती करताना सिरियलला आजची तारीख घातली, की तो मोठा ठरतो, सेकंडरी जुना झोन निमूटपणे उचलतो आणि ताज्या नोंदींची शेवटची प्रतही पुसली जाते.

म्हणून प्रायमरीला हात लावण्याआधी सेकंडरीवरच्या झोन फायलींची प्रत काढली. बाइंड ९.९ पासून सेकंडरी या फायली रॉ स्वरूपात ठेवतो, एडिटरमध्ये त्या वाचता येत नाहीत. बाइंडच्याच नेमड-कंपाइलझोन आज्ञेने त्या टेक्स्टमध्ये आणल्या. बॅकअपमधला झोनही त्याच आज्ञेतून काढला, म्हणजे दोन्हींची मांडणी सारखी होते आणि दोन फायली ताडून पाहणाऱ्या डिफमध्ये फक्त खरे फरक दिसतात. सेकंडरीची फाइल थेट प्रायमरीवर ठेवणं मला पटत नाही. प्रायमरीकडून सेकंडरीकडे झोन जातो त्या ट्रान्सफरमध्ये शेरे जात नाहीत, आणि कुठला आयपी कुठल्या शेडमधल्या यंत्राचा हे इथल्या फायलीत शेऱ्यांतच लिहिलेलं होतं. त्यामुळे फरकाच्या नोंदी बॅकअपच्या फायलीत हाताने घातल्या, सिरियल सेकंडरीच्या पुढे नेला आणि चुका तपासणारा नेमड-चेकझोन चालवला.

तरीही बाइंडने झोन उघडला नाही. लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड', आणि मालकी व परवानग्या तर बरोबर. कारण होतं एसईलिनक्स, म्हणजे फायलींवरच्या लेबलांनुसार परवानगी देणारी लिनक्सची जादा सुरक्षा. आधी टीएमपी या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उघडून मग एमव्ही आज्ञेने हलवलेल्या फायली तिथलं लेबल सोबत घेऊन येतात. झोन फायलींच्या व्हार-नेमड फोल्डरवर लेबलं पूर्ववत करणारी रिस्टोअरकॉन आज्ञा चालवल्यावर झोन लोड झाला.

मग ट्रान्सफर अडली. दोन सर्व्हर एकमेकांची ओळख पटवतात त्या टीसिगची की बॅकअपमधलीच होती, पण मदरबोर्डचा सेल संपून घड्याळ मागे पडलं होतं. टीसिगला दोन्हीकडच्या घड्याळांत साधारणपणे ३०० सेकंदांपर्यंतचाच फरक चालतो. क्रोनी या घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने वेळ जुळवली, ट्रान्सफरला लागणारं टीसीपीचं ५३ पोर्ट उघडं असल्याची खात्री केली आणि सेकंडरीने झोन घेतला. डिग आज्ञेने दोन्हीकडचा एसओए (सिरियल असलेली झोनची मुख्य नोंद) विचारला, सिरियल सारखाच आला.

त्या झोनचा एक्स्पायर, म्हणजे प्रायमरी नसताना सेकंडरीने प्रत वापरायची मुदत, २५९२०० सेकंद, म्हणजे ३ दिवसच होता. तेवढ्यात प्रायमरी उभा राहिला नसता, तर सेकंडरीनेही उत्तर देणं थांबवलं असतं. आरएफसी १९१२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात २ ते ४ आठवडे सुचवले आहेत. एक्स्पायर १२०९६०० सेकंद, म्हणजे २ आठवडे केला, सिरियल एकाने वाढवला आणि झोन रीलोड केला.