केसपेपर

खुनाचा खटला घेऊन येणारे नातेवाईक पहिल्या भेटीत हमखास एकच सांगतात, ‘मॅडम, आमचा माणूस तिथं नव्हताच.’ मग कुठं होता? आठवडी बाजारात, पाहुण्यांकडं, नाहीतर पंढरपूरला. साक्षीदारही तयार असतो. या खटल्यात तर आरोपीच्या मेहुण्यानं एका अडत दुकानदाराला थेट माझ्या टेबलासमोर आणून बसवलं होतं. ‘हे सांगतील की त्या दिवशी दाजी यांच्याकडं मुक्कामाला होते.’ दुकानदार मान डोलावत होता. त्याला तारीख विचारली तर त्यानं मेहुण्याकडं बघितलं.

केस माझ्याकडं विधी सेवा प्राधिकरणाकडून आली होती. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानंच दिलाय, पण ‘फुकटची वकील’ म्हटल्यावर घरच्यांचा विश्वास बसायला वेळ लागतो. त्यात मी बाई. मेहुण्यानं तर मला बचावही सुचवला. ‘त्या नेव्हीवाल्या साहेबासारखं अचानक राग आला असं म्हणता येतंय का बघा की.’ नौदल अधिकारी नानावटीनं बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, तो खटला आमच्याकडं पारावरही माहीत असतो, फक्त निकालाचा शेवट कुणाला माहीत नसतो. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं सोडलं, हे सगळ्यांना पाठ. पण पुढं सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये जन्मठेप कायम केली, कारण बायकोच्या कबुलीनंतर गोळी झाडेपर्यंत तीनेक तास गेले होते आणि तेवढ्यात राग निवायला हवा होता. शिवाय हा बचाव टिकला तरी माणूस सुटत नाही, खुनाचा सदोष मनुष्यवध, म्हणजे कमी शिक्षेचा गुन्हा होतो इतकंच.

आरोपीला इथं अण्णा म्हणते. पन्नाशी ओलांडलेला, दीड एकर उसाचा धनी. बांधावरून भावकीशी जुना वाद. २०२२ मधल्या एका रात्री त्यांनी चुलतभावाच्या डोक्यात खोरं घातलं आणि तो ग्रामीण रुग्णालयात मेला, असं दोषारोपपत्र. डोळ्यांनी पाहणारे दोन, मयताची बायको आणि सख्खा भाऊ. दोघांचं म्हणणं एकच, अण्णा एकटेच होते आणि काही कारण नसताना धावून आले.

तुरुंगात भेटले तेव्हा अण्णांनीही आधी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. मी दुसरंच विचारलं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती ना? मग उसाला पाणी द्यायला दारं कोण धरत होतं?

‘मी आन् पोरगं,’ ते पटकन बोलून गेले. मग थोडा वेळ गप्प. ‘म्या हुतो तिथं. खोरं बी म्याच घातलं. त्यानं पोरावर कुराड उगारली हुती, एक वार पोराच्या हातावर बसला बी. पर मॅडम, पोराला कोर्टात उभा करायचा न्हाय. धाव्वीला हाय.’

तिथं मला अडत दुकानदाराचा अर्थ कळला. ‘मी तिथं नव्हतोच’ हे अण्णांना स्वतःला वाचवायला नको होतं, मुलाला खटल्याबाहेर ठेवायला हवं होतं.

घटना जुनी, त्यामुळं खटला भारतीय दंड संहितेखालीच चालला. तिच्यात कलम ९६ ते १०६ खासगी बचावाच्या हक्काची आहेत. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना नव्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ लागतात, मजकूर जवळपास तोच. हा हक्क आपल्याच अंगापुरता नाही, दुसऱ्याचा जीव वाचवायलाही आहे. मरणाची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल तर समोरचा मेला तरी तो गुन्हा होत नाही. पण त्यासाठी ‘मारलं’ हे आधी पदरात घ्यावं लागतं आणि आमच्याकडं लोकांची जीभ नेमकी तिथंच अडते. गैरहजेरीचा बचाव सोपा वाटतो, पण तो सिद्ध करायचं ओझं आरोपीवर, तेही जड. खोटा पडला तर न्यायालय तो आरोपीच्याच विरुद्ध धरतं. दोन्ही बचाव एकदम घेऊ नयेत असं कायदा म्हणत नाही. पण अडत दुकानदार उलटतपासात फुटल्यावर कुऱ्हाडीची गोष्ट कोण ऐकणार होतं? मेहुण्याला मी सांगून टाकलं, हा साक्षीदार मी उभा करणार नाही.

मुलाला न बोलावता कुऱ्हाड कोर्टात आणायची कशी, हा प्रश्न उरला. मुन्शीराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्येच म्हटलंय की आरोपीनं खासगी बचाव स्पष्टपणे मांडला नसला तरी सरकारच्या पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालयानं विचारात घ्यावा. म्हणजे सरकारच्याच साक्षीदाराकडून काढायचं.

अण्णांच्या बायकोनं रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक चुरगळलेला केसपेपर काढला. ग्रामीण रुग्णालयाचा. मुलाचं नाव, त्याच रात्रीची तारीख, डाव्या हाताला टाके. दोषारोपपत्राच्या एवढ्या गठ्ठ्यात या कागदाचा मागमूस नव्हता. मी मूळ एमएलसी रजिस्टर, म्हणजे पोलिसांत जाऊ शकणाऱ्या जखमींच्या नोंदींचं पुस्तक, मागवण्याचा अर्ज दिला. सरकारी वकिलांनी विरोध केला, कोर्टानं मंजूर केला.

डॉक्टरांच्या साक्षीचा दिवस आला तो सोमवार. बोर्ड, म्हणजे दिवसाच्या खटल्यांची यादी, भरलेला, पुकारा झाला तेव्हा जेवणाची सुट्टी जवळ आलेली. वैद्यकीय अधिकारी तरुण होते, कापडात बांधलेलं रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते. मयताला त्यांनीच तपासलेलं, शवविच्छेदनही त्यांचंच. सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांनी घेतलेली साक्ष, बिनचूक झाला. डोक्यावर एक जखम, खांद्यावर एक, मृत्यू डोक्याच्या जखमेनं.

उलटतपासात मी जखमांना हातच लावला नाही. मयताची नोंद रजिस्टरमध्ये कुठं आहे तेवढं विचारलं. त्यांनी पान काढलं. रात्री दहा वाजून पाच मिनिटं. तिच्या वरची नोंद वाचा म्हटलं.

डॉक्टरांनी आधी मनात वाचलं. मग सरकारी वकिलांकडं पाहिलं. सरकारी वकील उभे राहून हरकत घेऊ लागले, ही नोंद या खटल्याशी संबंधित नाही. न्यायाधीश साहेबांनी हरकत नोंदवून घेतली आणि म्हणाले, वाचा.

रात्री नऊ चाळीस. मुलगा, वय पंधरा. सोबत आई. डाव्या हाताच्या मनगटावर सहा सेंटिमीटरची जखम, कडा स्वच्छ कापलेल्या. हकीकत या रकान्यात: ‘शेतात चुलत्याने कुऱ्हाड मारली.’

त्यावर मी प्रश्न विचारत गेले, डॉक्टर होय म्हणत गेले आणि साहेब उत्तरं स्टेनोला सांगू लागले, ‘हे म्हणणे खरे आहे की, सदर जखम धारदार हत्याराने होऊ शकते. हे म्हणणे खरे आहे की, खोऱ्याच्या बोथट धारेने कडा चिरडल्या गेल्या असत्या. हे म्हणणे खरे आहे की, हात वर धरून वार अडवताना अशी जखम होऊ शकते.’ कीबोर्डचा आवाज तेवढा चालला होता. मग मी विचारलं, पोलिसांना कळवलं होतं का? डॉक्टर म्हणाले, होय, त्याच रात्री वर्दी दिली होती, वर्दीची पोचही रजिस्टरला लावलीय.

मयताच्या भावानं शपथेवर सांगितलं होतं की मुलगा तिथं नव्हताच. सरकार पक्षाला आणि अण्णांच्या घरच्यांना, दोघांनाही पोरगं गैरहजर हवं होतं! पुढच्या तारखेला तपासी अंमलदारांना वर्दीबद्दल विचारलं तर त्यांना आठवत नव्हतं. कुऱ्हाड शोधली का? ‘आवश्यकता वाटली नाही.’

पण त्या दिवसाचं काम तिथं संपलं नाही. सरकारी वकील हुशार माणूस. उलटतपासानंतरच्या फेरतपासाला उभे राहिले आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारून बसले. खांद्यावरची जखम माणूस खाली पडल्यावर होऊ शकते का? डॉक्टर म्हणाले, ‘शक्यता नाकारता येत नाही.’

कलम ९९ म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं वेळोवेळी हेही सांगितलंय की अंगावर हल्ला आलेल्या माणसानं आपला प्रतिकार सोन्याच्या तराजूत तोलून करावा अशी अपेक्षा धरू नये. युक्तिवादात मी हे वाचून दाखवलं. हातात कुऱ्हाड असलेला माणूस पडला म्हणजे संपला, हे अंधारात, चिखलात उभ्या बापाला कसं समजावं? मुलाचा हात रक्तानं भिजलेला, बॅटरी पाण्यात पडलेली.

आरोपीच्या जबाबात शेवटचा प्रश्न असतो, आणखी काही सांगायचं आहे का. अण्णांनी मेहुण्याकडं न बघता सगळं सांगितलं. कुऱ्हाडीपासून खोऱ्यापर्यंत. मुलाचं नाव मात्र घेतलं नाही, ‘पोरगं’ म्हणाले.

निकाल २०२५ च्या उन्हाळ्यात लागला. रजिस्टरवर कोर्टानं पूर्ण विश्वास ठेवला. पहिला घाव हक्कातला, दुसरा हक्काबाहेरचा, असं धरून कलम ३०० च्या दुसऱ्या अपवादाखाली, म्हणजे बचावाची मर्यादा ओलांडली म्हणून, खून काढून टाकला आणि सदोष मनुष्यवधाच्या कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली पाच वर्षं दिली. तुरुंगातला काळ वजा होतो, म्हणजे उरलं थोडंच. मेहुण्यानं पेढे आणले. मी खाल्ला नाही. डोक्यावरचा घाव हक्कातला असेल, तर ज्या जखमेनं मृत्यूच आला नाही तिच्यासाठी सदोष मनुष्यवध कसा, हे मला अजून पटलेलं नाही.

अपिलाला साठ दिवस असतात. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झाल्यामुळं आमच्या जिल्ह्याला मुंबईची फेरी वाचली. अपिलासाठीही विधी सेवेचाच वकील मिळतो. त्यांच्यासाठी मी मुद्दे लिहून दिलेत, पहिला मुद्दा दुसऱ्या जखमेचा. वकीलपत्रावर सही घ्यायला गेले तेव्हा अण्णांनी विचारलं, कोल्हापूरला पोराला यावं लागंल का? अपिलात साक्षीदार उभे करत नाहीत, कागदांवरच चालतं, असं सांगितल्यावर त्यांनी सही केली.